बदली न मिळणारा हात

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा सारा पट्टा एका तत्त्वावर उभा आहे: कुणा एकावाचून काम अडता कामा नये. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात आकुर्डीला बजाज ऑटो आणि पिंपरीला टेल्को आली, आणि पुढे चाकणच्या माळावर बजाज, फोक्सवॅगन, महिंद्रचे कारखाने उठले. पहिल्या पाळीचा माणूस उठतो, दुसऱ्या पाळीचा त्याच जागी उभा राहतो, लाइन चालूच राहते. कुणी आजारी पडलाच, तर बदली कामगार असतो. हे तत्त्व मला मुळीच वाईट वाटत नाही. त्याच्या जोरावर मराठवाड्यातून, खानदेशातून, थेट केरळातून आलेल्या माणसांचे संसार उभे राहिले. पण याच पट्ट्यातल्या वसाहतींत पाळी सुटल्यावर ऑर्केस्ट्रेही जमले, आणि तिथे हे तत्त्व लागू पडत नाही. गिटार वाजवणारा मित्र गेला की त्याच्या जागी दुसरा येतो, गाणी तीच राहतात, सूरही चुकत नाहीत. तरी बँड पहिल्यासारखा वाजत नाही. याचं कारण मागे राहिलेल्यांच्या शोकात आहे असं आपण मानतो. मला ते कारण वाजवण्यातच आहे असं वाटतं.

गिटारची कॉर्ड कागदावर लिहिता येते. डाव्या हाताची बोटं कुठे ठेवायची, हे ती सांगते. पण ऱ्हिदम गिटार उजव्या हातात असते. पिक तारांवरून किती तिरकं न्यायचं, कुठली तार मुद्दाम सोडायची, वर येणारा हात नुसता निसटू द्यायचा की त्यातही हलका आवाज ठेवायचा, तळव्याने तारा कधी दाबायच्या, ठोक्याच्या किंचित आधी पडायचं की किंचित मागे रेंगाळायचं, हे कागदावर नसतं. ते इतर वादकांच्या हातात उतरलेलं असतं. ड्रमरने आपला हाय-हॅट त्या रेंगाळण्याभोवती बसवलेला असतो, बेसवाल्याने त्या सोडलेल्या तारेची जागा स्वतःच्या सुराने भरलेली असते. म्हणजे गेलेल्या मित्राचं अर्धं वादन मागे राहिलेल्यांच्या हातातच शिल्लक असतं, आणि आता त्याला समोरून उत्तर येत नाही. नवा गिटारवादक कितीही तयारीचा असो, त्याच्याशी ही बोलणी पहिल्यापासून सुरू करावी लागतात.

यावर कुणी म्हणेल, मुंबईचे रेकॉर्डिंग स्टुडिओ तरी काय, कारखानेच होते. वादक पाळीप्रमाणे यायचे, समोरचे नोटेशन वाजवायचे, पैसे घेऊन दुसऱ्या स्टुडिओत जायचे. खरं आहे. पण त्या कारखान्यातूनच उलटा पुरावा मिळतो. राहुल देव बर्मन ऊर्फ पंचमदा यांच्या ताफ्यातले गिटारवादक भानू गुप्ता रंगूनमध्ये जन्मलेले, मूळचे माउथ ऑर्गन वाजवणारे. ‘शोले’तला माउथ ऑर्गनही त्यांचाच. ‘अमर प्रेम’मधल्या ‘चिंगारी कोई भडके’च्या सुरुवातीची हकिगत ते सांगत असत: सहज छेडताना बोटं चुकीच्या तारांवर पडली, आणि पंचमदांनी तेच पुन्हा वाजवायला लावलं. नुसत्या बदली वादकाचं चुकलेलं बोट कुणी उचलून धरत नाही. ती चूक ऐकायला आणि तिच्यातून गाणं काढायला वर्षानुवर्षांचा सहवास लागतो. पंचमदा 4 जानेवारी 1994 रोजी गेले, भानू गुप्ता 27 जानेवारी 2018 रोजी. मधल्या काळात पुण्याच्या ‘पंचममॅजिक’ या संस्थेच्या मंचावर त्या ताफ्यातले वादक येत, बोलत, वाजवून दाखवत. ध्वनिमुद्रिका तर रसिकांकडे होत्याच. तरी लोक का जमायचे? रेकॉर्ड काय वाजलं ते सांगते; कसं ठरलं, ते सोबतीच सांगू शकतात.

याहून टोकदार आक्षेप असा की भानू गुप्ता मोठे. गणपतीच्या मांडवात त्यांचंच वाजवलेलं पुन्हा वाजवणारा कामगार गिटारवादक कशासाठी आठवायचा? मला तर त्याचंच काम अधिक अवघड वाटतं. मूळ गाण्यात व्हायोलिनांचा अख्खा ताफा असतो; मंचावर पाच-सहा जण. व्हायोलिनचा कुठला तुकडा गिटारवर घ्यायचा, कुठला की-बोर्डला द्यायचा, कुठला सोडून दिला तरी गाणं उभं राहील, हे कुणीतरी ठरवायचं असतं. ती निवड नक्कल नव्हे, रचनाच आहे. आज चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात किंवा पिंपरीच्या आचार्य अत्रे रंगमंदिरात ट्रॅकवर गाण्याचे कार्यक्रम होतात. त्यांच्यामुळे कितीतरी हौशी गायकांना मंच मिळाला, आणि त्याचा मला आनंदच आहे. पण गायक अंतरा विसरला तर ट्रॅक पुढे निघून जातो. शेजारी उभा असलेला गिटारवाला मान किंचित हलवून आणखी दोन आवर्तनं वाजवतो, आणि समोर बसलेल्यांना काही कळतही नाही. असा सांभाळणारा गेला, की ते दुसऱ्या दिवशी फक्त मंचावरच्यांना कळतं.

जुन्या तबकड्यांवर संगीतकार, गीतकार, गायक यांची नावं असत, वादकांची क्वचितच. संगीताचे अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी मुंबईच्या हयात वादकांना गाठून विचारलं, म्हणून 2008 साली त्यांचं ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक होऊ शकलं. ऑर्केस्ट्राच्या जमान्यात पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत लागलेले ड्रमर, ढोलकीवाले, अकॉर्डियनवाले आता निवृत्त होऊन याच शहरात राहताहेत. श्रद्धांजलीच्या बॅनरवर गेलेल्या मित्राचा गिटार घेतलेला फोटो छापण्याबरोबरच त्यांच्याजवळ बसून विचारलं पाहिजे: तो कुठल्या गाण्यात कुठली तार सोडायचा, सुरुवात कोण मोजायचं, लय धावू लागली की तो कुणाकडे बघायचा, आणि तो गेल्यावर तुम्ही कुठलं गाणं वाजवायचं थांबवलंत?