कूस कोण बदलणार?

मागच्या पावसाळ्यात अम्मी मोरीत घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. वय ७८. ऑपरेशननंतर आठ दिवस ती एका खाजगी हॉस्पिटलात होती. रात्री तिच्याजवळ मी असायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला बेडसोर होतील. पण एकट्याने हात लावायचा नाही. पायांमध्ये उशी धरून, दोघांनी मिळूनच वळवायचं.

तिसऱ्या रात्री मी टक्क जागी होते. बारानंतर कोणी फिरकलं नाही. दोन वाजता बेल दाबली. थोड्या वेळाने उठून पाहिलं, तर सिस्टर दुसऱ्या खोलीत कुणालातरी रक्त चढवत होती. "येते," म्हणाली. आली नाही. सकाळी पलंगाच्या पायथ्याशी लावलेला तक्ता पाहिला. दोन, चार, सहा, तिन्ही चौकटींत 'कूस बदलली' असं लिहून सही केलेली होती.

माझं डोकं फिरलं. खोटी साक्ष हा केवढा मोठा गुनाह आहे, हे आमच्या घरांत लहानपणापासून ऐकवलं जातं. मी तक्रार लिहायला घेतली. त्याआधी भाचीला फोन केला. ती बेलपाड्यात राहते आणि खारघरमधल्याच एका छोट्या नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करते. जी.एन.एम. झालेली आहे. ड्यूटी संपवून, डबा हातात घेऊन ती तशीच आली. तक्ता पाहिला आणि मला विचारलं, "खाला, रात्री सिस्टर किती होत्या?"

"एक."

"आणि पेशंट?"

मी मोजलेच नव्हते. तिने मावशींना विचारलं. २६.

भारतीय नर्सिंग परिषदेचा निकष सर्वसाधारण हॉस्पिटलात पाच पेशंटमागे एक नर्स असा आहे. शिक्षण देणाऱ्या हॉस्पिटलात तीन पेशंटमागे एक. इथे २६ जणांमागे एक होती. सलाईन, इंजेक्शनं, रक्त, कुणाचा ताप, कुणाची लघवीची पिशवी, आणि मधेच फोन. कूस बदलायला दुसरे दोन हात लागतात, ते तिने आणायचे कुठून?

"मग खोटं का लिहिलं?" मी म्हटलं.

भाची थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "खाला, मीही लिहिलंय. एकदा एका आजोबांचं बीपी घ्यायला जमलंच नाही. आधीचाच आकडा थोडा बदलून टाकला. आजोबांना काही झालं नाही, पण मला दोन दिवस जेवण गेलं नाही. चौकट रिकामी दिसली की मेमो मिळतो. भरलेली असली की कोणी विचारत नाही."

मला वाटलं होतं, खोटं एकटी सिस्टर बोलली. पण तो भरलेला तक्ता सगळ्यांनाच हवा असतो. मालकाला हवा, कारण दुसरी नर्स ठेवावी लागत नाही. आपल्यालाही हवा, कारण भरलेला कागद पाहून आपण निश्चिंत झोपतो.

तेव्हा मला परळच्या के.ई.एम. हॉस्पिटलमधल्या अरुणा शानबाग आठवल्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी या तरुण नर्सवर त्याच हॉस्पिटलच्या तळघरात एका सफाई कामगाराने पाशवी हल्ला केला. त्याला जबरी चोरी आणि खुनाचा प्रयत्न यासाठी सात वर्षांची शिक्षा झाली. बलात्काराचं कलम लागलंच नाही. अरुणा १८ मे २०१५ला गेल्या, तोपर्यंत जवळपास ४२ वर्षं अंथरुणावर होत्या. त्यांना मरणाची वाट मोकळी करून द्यावी, अशी याचिका पत्रकार पिंकी विराणी यांनी केली होती. ७ मार्च २०११ला सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली, कारण वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या नर्सेसना ते मान्य नव्हतं. त्यांचं बरोबर की विराणींचं, यावर प्रामाणिक माणसांत मतभेद आहेत. पण एक गोष्ट निकालपत्रातही आली आहे: एवढ्या वर्षांत अरुणांना एकही बेडसोर झाला नाही. म्हणजे दिवसरात्र कुणीतरी खरोखर कूस बदलत होतं. सेवाभाव होताच, पण करायला हातही होते. नुसत्या सेवाभावाने कूस बदलत नाही.

आपल्या समाजात तर आणखी एक गाठ आहे. मदिनेत मस्जिद-ए-नबवीजवळच्या तंबूत जखमींची शुश्रूषा करणाऱ्या रुफैदा यांचं नाव आपण अभिमानाने घेतो. खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या साद बिन मुआज यांना त्यांच्याच तंबूत ठेवलं होतं. आणि भाचीच्या लग्नाचं बोलणं निघालं की पहिला प्रश्न असतो, "रात्रपाळी सोडेल ना?" तिचा पगार किती, हे कोणी विचारत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने ५० खाटांपेक्षा लहान खाजगी हॉस्पिटलातही नर्सला किमान २०,००० रुपये द्यावेत, अशी शिफारस केली. भाचीला अजून तेवढे मिळत नाहीत.

मी तक्रार लिहिली, पण वेगळी. रात्री २६ पेशंटमागे एकच नर्स का, एवढंच विचारलं. सही केलेल्या सिस्टरचं नाव घातलं नाही. हे बरोबर केलं का, अजून कळत नाही. खोटी नोंद लपवण्यात माझाही हात लागला. सिस्टरला मात्र समोर बसवून सांगितलं, "नाही जमलं तर नाही असं लिही. मी तुझ्या बाजूने बोलेन." ती काही बोलली नाही.

त्या रात्री दोन वाजता ती मावशींना घेऊन आली आणि दोघींनी अम्मीला वळवलं. चार वाजता आली नाही. सकाळी पाहिलं, चारची चौकट कोरी होती. अम्मीच्या कमरेवर लाल चट्टा उठला होता. तो पुढे हळूहळू गेला. माझ्या पत्राला उत्तर आलं नाही.

तुमचं माणूस हॉस्पिटलात असेल तेव्हा सिस्टरवर ओरडण्याआधी एकदा पेशंट मोजा. आणि ओरडायचंच असेल, तर काउंटरवर जाऊन ओरडा.