सालन आंबले होते, पण सांगायचे कोणाला?

बाहेर जेवायला जाणे आता आपल्या घरांतही नवलाचे राहिलेले नाही. आमच्या लहानपणी सोलापुरात हॉटेल म्हणजे पुरुषांची जागा होती. अब्बा महिन्याकाठी एखाद्या संध्याकाळी विजापूर वेशीतून कागदात गुंडाळलेले सीख कबाब आणत आणि तेच आमचे ‘बाहेरचे खाणे’. आता दहावीचा निकाल लागला, पगारातला फरक हाती पडला, दुबईहून भाचा आला, की कुठे जायचे ते मुलेच ठरवून मोकळी होतात. हलाल आहे का, बायकांना बसायला वेगळी जागा आहे का, गाडी कुठे लावायची, एवढी चौकशी होते. पण तिथे काही बिघडले तर बोलायचे की गप्प बसायचे, हे कोणी ठरवून जात नाही.

आमच्या घरात यावर दोन पक्ष आहेत. अम्मी म्हणतात, समोर आले ते रिज़्क आहे, त्याला नावे ठेवू नयेत. धाकट्याचे म्हणणे, पैसे मोजलेत ना, मग ऐकून का घ्यायचे? आम्ही दोघे मध्ये. दोघेही शाळेत शिकवतो, उर्दू आणि मराठी. दिवसभर पोरांची भांडणे मिटवून आलेल्या माणसाला रात्री वेटरशी भांडायचा उत्साह नसतो.

अम्मींच्या बाजूने मोठा आधार आहे. रसूलुल्लाह (सल्ल.) यांनी कधी जेवणात खोट काढली नाही, आवडले तर खात, नाही आवडले तर बाजूला ठेवत, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे आणि आपल्या घरांत लहान मुलांनाही ती माहीत असते. फक्त ती आपण कुठे वापरतो ते पाहण्यासारखे आहे. हॉटेलात गारढोण रोटी मुकाट्याने चावणारे कितीतरी भाईजान घरी आमटीत मीठ कमी पडले की ताट पुढे सरकवतात. ज्या दस्तरख्वानासाठी ती हदीस आधी आठवायला हवी, तिथे ती विसरली जाते आणि पाचशे रुपये मोजल्यावर बरोबर आठवते. असो.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही सहा जण शहराबाहेरच्या एका एसी रेस्टॉरंटमध्ये गेलो होतो. मोठीचा बारावीचा निकाल लागला होता. ऑर्डर यायला पाऊण तास लागला, नान आले ते वातड, पण मुले खुशीत होती, तेव्हा ते सगळे चालून गेले. वाढायला आलेला मुलगा आम्हाला पाहून जागीच थबकला आणि ओशाळून हसला. आमच्याच शाळेचा. नववीत असताना वडील गेले आणि त्याने शाळा सोडली. आता विशीचा असेल. आमच्या पेशात हे नेहमीचे आहे. पंक्चरच्या दुकानात, मोबाइलच्या दुकानात, हॉटेलात, कुठे ना कुठे एक ‘टीचर, सलाम’ भेटतोच. त्याने पाण्याचे ग्लास पुन्हा पुसून ठेवले, अम्मींसाठी लिंबू वेगळे कापून आणले. मटणाच्या सालनाची वाटी टेबलावर ठेवताना मात्र तो वाकला आणि हळूच म्हणाला, “टीचर, वो सालन दादीअम्मा को नको देव. दोपेर का है.”

वाटी जवळ घेतली. आंबूस वास स्पष्ट येत होता.

वातड नान ही एक गोष्ट आणि हे सालन ही दुसरी. नान वातड लागला तर तो आमच्या जिभेचा प्रश्न. उशीर झाला तर भटारखान्यात कोणी आजारी असेल, गर्दी असेल. पण मे महिन्याच्या सोलापूरच्या उन्हात दुपारचे सालन रात्री गरम करून, वर तर्री आणि कोथिंबीर घालून ताजे म्हणून वाढणे, हे चवीचे प्रकरणच नाही. इथे आम्हाला दुसरी हदीस आठवली. धान्याच्या ढिगात हुजूर (सल्ल.) यांनी हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. मग भिजलेले वर का नाही ठेवलेस, लोकांना दिसले असते, असे त्याला विचारले गेले आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही असेही सुनावले गेले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. सालनावरची ती हिरवीगार कोथिंबीर आम्हाला ढिगावरच्या कोरड्या धान्यासारखी दिसू लागली.

तरीही उठवेना. अडचण मालकाची नव्हती, मुलाची होती. आम्ही काउंटरवर जाऊन बोललो की पहिला प्रश्न येणार, “कोणी वाढलं?” त्याने आमच्यासाठी नोकरी पणाला लावून एक वाक्य उच्चारले होते. वाटी न खाता बाजूला ठेवायची, पैसे द्यायचे आणि घरी जायचे, म्हणजे तो सुरक्षित. अम्मींचेही तेच मत पडले. पण शेजारच्या टेबलावर एक तरुण जोडपे बसले होते, मांडीवर दीड-दोन वर्षांचे लेकरू. ते मेनू पाहून तेच सालन सांगत होते.

मग आम्ही वाटी उचलून काउंटरवर गेलो. आवाज चढवला नाही. “शेठ, एवढा वास घेऊन बघा,” इतकेच म्हणालो. शेठ आधी म्हणाले, मसाल्याचा वास आहे. पुन्हा घ्या म्हटल्यावर घेतला आणि अपेक्षेप्रमाणे हॉलकडे वळून ओरडले, “कोण आहे रे चार नंबरला?” आम्ही म्हटले, “वाढणाऱ्यानं शिजवलं नाही आणि फ्रीजही त्याच्या ताब्यात नाही. त्यानं तर चांगलं वाढलंय. तुमच्या आत ठेवलेल्या पातेल्याबद्दल बोलतोय, ते एकदा तुम्ही स्वतः पाहा.” शेठ आत गेले. परत आल्यावर त्यांनी माफी वगैरे मागितली नाही, पण शेजारच्या टेबलावर “मटण संपलं, चिकन देऊ का?” असे सांगितले गेले ते आम्ही ऐकले.

बिल आले तेव्हा सालनाचे पैसे त्यात नव्हते. मात्र खाली दहा टक्के ‘सर्व्हिस चार्ज’ होता आणि त्याखाली पाच टक्के जीएसटी. हा सर्व्हिस चार्ज पुष्कळ जण सरकारी कर समजून भरतात. तो कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या की हॉटेलांनी तो आपोआप बिलात लावू नये, दुसऱ्या नावाने घेऊ नये आणि देत नाही म्हणून कोणाला प्रवेश नाकारू नये. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. धाकट्याला हे सगळे पाठ होते. शेठ म्हणाले, “सगळे देतात, तुम्हीच पहिले.” धाकटा म्हणाला, “चाचा, सगळे म्हणजे ज्यांना माहीत नाही ते.” आम्ही त्याला डोळ्यांनी दाबले, पण चार्ज निघाला. तेवढीच रक्कम आम्ही त्या मुलाच्या हातात दिली, बिलाच्या पुठ्ठ्यात ठेवली नाही. बकरी ईदला तो घरी आला होता. सर्व्हिस चार्जमधला एक पैसाही पोरांना मिळत नाही, उलट ग्लास फुटला तर पगारातून कापतात, हे त्याने सांगितले. त्या रात्री त्याला कोणी काही विचारले नाही, हेही. आठवडाभर शेठ रोज रात्री स्वतः पातेल्यांची झाकणे उघडून बघत होते म्हणे. पुढचे माहीत नाही. तो आता १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसायचे म्हणतो आहे. त्याचे मराठी फार कच्चे आहे, रविवारी येतो.

आमच्या एका दूल्हेभाईंना ही हकीकत पसंत पडली नाही. ते असते तर म्हणे हॉल डोक्यावर घेतला असता. त्यांच्याबरोबर आम्ही जेवायला गेलो आहोत. चुटक्या वाजवणे, “ए छोटू” म्हणून हाक मारणे, कांदा उशिरा आला म्हणून पोराचा बाप काढणे, आणि बिलाच्या वेळी काउंटरवर मालकाशी हसून हस्तांदोलन. ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्यावर सगळा राग आणि ज्याच्या हातात सगळे आहे त्याला सलाम, ही तक्रार नव्हे. हजरत अनस (रजि.) यांनी दहा वर्षे हुजूरांची खिदमत केली, त्या काळात एकदाही त्यांना ‘उफ्’ ऐकावे लागले नाही, असे ते स्वतः सांगतात. आणि तो ‘छोटू’ खरोखरच छोटा असेल, चौदाच्या आतला, तर कांद्यापेक्षा त्याच्याबद्दल बोलायला हवे. हॉटेल-ढाब्यांत एवढ्या लहान मुलांना कामाला ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे.

मालक ऐकतच नसेल तर पुढे वाट आहे. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५, तिथे मराठीतही बोलता येते. अन्न खराब असेल, स्वयंपाकघर घाण असेल, तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी अर्ज द्यावा. बिलावर हॉटेलचा १४ अंकी परवाना क्रमांक छापलेला असायला हवा, तो अर्जात लिहावा. नसेल तर तेही लिहावे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी पडत नाही. यासाठी बिल लागते, म्हणून ‘बिल कशाला, आपलेच आहात’ म्हणणाऱ्या ठिकाणीही ते मागून घ्यावे.

मोबाइलवर तारे देण्याचा प्रश्न धाकट्याने लगेच काढला. एक तारा देऊन चार ओळी खरडायच्या होत्या त्याला. अम्मी म्हणाल्या, ही ग़ीबत झाली. तो म्हणाला, मग पुढचा माणूस आंबलेले खाणार. दोघांचेही काही चूक नव्हते. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला उघड बोलण्याची मुभा सूरह निसामध्ये आहे. पण तोंडावर सांगितले, त्याने ऐकले, पातेले काढले, त्यानंतर गावभर करायचे कशाला? शेवटी त्याने लिहिले नाही. पातेले काढले नसते तर लिहू दिले असते, मात्र सालनाबद्दल. वाढणाऱ्याच्या कपड्यांबद्दल आणि हिंदीबद्दल नव्हे. लोक तेच जास्त लिहितात.

खरी अवघड जागा वेगळीच आहे. शहराबाहेरच्या त्या रेस्टॉरंटमध्ये बोलायला आम्ही कचरत होतो, त्याचे एक कारण मुलगा होता, पण दुसरेही होते. भोवती बहुतेक कुटुंबे दुसऱ्या समाजाची. आमच्याबरोबर बुरख्यातल्या दोन बायका. काउंटरवर जरा आवाज झाला असता तर ‘यांचे नेहमीचेच’ असे कोणाच्या तरी मनात आले असते, ही धास्ती. कोणी काही म्हणाले नाही, हे खरे. पण ती धास्ती घेऊनच आपल्यातले पुष्कळ जण जगतात आणि आंबलेले खाऊन, जास्तीचे पैसे देऊन उठतात. मोठी मुलगी गाडीत म्हणाली, “आपण हळू बोललो ते अदब म्हणून की भीती म्हणून?” थोडे हे, थोडे ते, असे तिला सांगितले.

आणि मोहल्ल्यात उलटी गंमत. तिथे धास्ती नाही, तर भीड. निहारीचे आमचे नेहमीचे दुकान आहे. मालक जुमाला आमच्याच सफात उभे असतात, मय्यतीला खांदा देतात. निहारी अशी की पहाटे रांग लागते. पण पाण्याचे प्लास्टिकचे जग आतून हिरवे झालेले, आणि ग्लास एकाच बादलीत बुचकळून पुन्हा टेबलावर. रोज शंभर माणसे ते पाणी पितात आणि रोज शंभर माणसे गप्प. आपलाच माणूस आहे, कसे सांगायचे? आपलाच आहे म्हणून तर सांगायचे, असे आम्ही घरी दोन वर्षे म्हणत होतो. शेवटी धाकटाच एका जुमाला नमाजनंतर, मशिदीच्या पायऱ्यांवर चप्पल घालता घालता त्यांच्याशी बोलला. ते म्हणाले, “बेटा, इतने दिन बोला क्यूं नहीं कोई?” पुढच्या आठवड्यात स्टीलचे सहा जग आले, झाकणासकट. बादली अजून तीच आहे. तिच्याबद्दल बोलायची पाळी आता आमची, असे धाकट्याने ठरवून टाकले आहे.