माझ्यानंतर तपासणारं कुणी नाही!

'फायरफॉक्सचं मराठी भाषांतर करते' म्हटलं, की मित्रमंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला: पैसे किती मिळतात? उत्तर: शून्य. दुसरा प्रश्न: मग कशाला? याचं उत्तर जरा मोठं आहे.

फायरफॉक्स ओपन सोर्स ब्राउझर. त्याचा कोड सगळ्यांना खुला, आणि त्याचं भाषांतर जगभरातले व्हॉलंटिअर्स 'पाँटून' नावाच्या साइटवर करतात. तिथं डिग्री कुणी विचारत नाही. माझं मास कॉम, माझ्या बायलाइन्स, सगळं झीरो! नव्या माणसाचं प्रत्येक वाक्य नुसतं 'सजेशन' म्हणून जमा होतं. कुणी जाणतं माणूस ते तपासतं, मगच ते पुढे सरकतं.

मग काय, रोज डेडलाइन उरकली की पाच-सहा वाक्यं. 'बुकमार्क'ला 'वाचनखूण' चालेल? बटणावर मावेल? माझी वाक्यं तपासणाऱ्याला मी कधी भेटले नाही, पण त्याचे शेरे हळूहळू कमी होत गेले. आणि एक दिवस मला ट्रान्सलेटरचे हक्क मिळाले. आता माझ्या वाक्याला दुसऱ्याची मंजुरी लागत नाही. वर इतरांची वाक्यंही मीच मंजूर करायची.

पहिल्या दिवशी जाम भारी वाटलं. दुसऱ्या दिवशी टेन्शन! 'पासवर्ड जतन करायचा का?' इथं शब्द चुकला, तर कुणीतरी भलतंच बटण दाबणार.

विश्वासाचं काय होऊ शकतं, ते २०२४ साली दिसलं. 'एक्सझेड युटिल्स' हे फाइल्स कॉम्प्रेस करणारं छोटं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. असंख्य लिनक्स मशीन्सवर असणारं, आणि सांभाळणारा थकलेला एकटा माणूस. 'जिया टॅन' या नावानं कुणीतरी २०२१च्या सुमारास कामाला लागलं. दोनेक वर्षं इमानदारीत राबलं, हक्क मिळवले आणि फेब्रुवारी २०२४च्या रिलीजमध्ये गुपचूप चोरदरवाजा बसवला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, म्हणून आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनीअरनं खोदून पाहिलं, तेव्हा मार्चअखेर बिंग फुटलं.

पायऱ्या त्याच, ज्या मी चढले. म्हणून माझं काम कुणी पुन्हा तपासलं, तर आता मी राग मानत नाही.

सध्या एक नवा मुलगा सजेशन्स पाठवतोय. तो भरवशाचा आहे का? काय सांगू! त्याची आजची सहा वाक्यं मात्र मी नीट वाचलीयत.