डोंगरवाटेची सायकल

दोन वर्षांमागे माघात आमचा पुतण्या सातपूरहून सायकलवर घरी आला. तिथल्या एका कारखान्यात तो पाळीवर आहे. आमची आई ओसरीवर नागली पाखडत बसली होती. तिने सायकल पुढून पाहिली, मागून पाहिली आणि विचारले, "हिला कॅरेज नाही, मडगार्ड नाही, घंटी नाही. मग पोरा, हिच्यावर आणतोस तरी काय?"

"काही आणत नाही आजी, डोंगरावर चढवतो."

किंमत तीस हजार म्हणताच आईने सूप खाली ठेवले. "एवढ्यात दुभती गाय आली असती," एवढेच ती बोलली.

खरे सांगायचे तर त्या सायकलवर माझाही राग होता, पण किमतीचा नव्हे. पुतण्याचे चार मित्र सुटीच्या दिवशी यायचे आणि आमच्या घरामागच्या टेकडीवरून सरळ खाली सुटायचे. ती वाट काही त्यांनी पाडलेली नाही. गुरे वर न्यायची आणि मोळ्या खाली आणायच्या, म्हणून पिढ्यान् पिढ्या पाय पडून ती झाली. पण चढाला उभी भिडलेली वाट, त्यात उतारावर ब्रेक करकचून दाबत घसरत येणारी चाके. पावसाळ्याच्या तोंडी तिथे हातभर खोल घळ झाली. आषाढात एका रात्री टेकडीचे सगळे पाणी त्या घळीतून ओहोळासारखे आले, आमचा वरचा बांध फुटला आणि दोन गुंठे भात मुरमाखाली गेले. आमच्याकडे दोन गुंठे म्हणजे थोडे नव्हेत. मी पुतण्याला नको ते बोललो. तो काही बोलला नाही. भाऊबीजेला आला तेव्हा मात्र म्हणाला, "तात्या, एक दिवस माझ्याबरोबर अंजनेरीला चला. वाट कशी असते ते दाखवतो."

वाट कशी असते ते हा मला दाखवणार! तरी गेलो.

नाशिकहून त्र्यंबकेश्वराला जाताना वीसेक किलोमीटरवर डाव्या हाताला अंजनेरी लागते. हनुमानाचा जन्म इथला अशी श्रद्धा असल्याने शनिवारी गर्दी असते. गावाजवळ बाराव्या शतकाच्या सुमाराची पडकी जैन देवळे आहेत; त्यांच्या दगडांवरची नक्षी पाहायला तरी वाट वाकडी करावी. डोंगर चार हजार दोनशे फुटांच्या आसपास. सकाळी धुके होते आणि कारवीची झुडपे दवाने ओली होती.

पायथ्याच्या गाडीवाटेवर पुतण्याने मला त्याच्या सायकलवर बसवले. माझी काळी सायकल त्याने घेतली. साठी उलटलेला माणूस मी, लाजच वाटत होती. पण चढ लागला आणि त्याने सांगितल्याप्रमाणे मी हातातला खटका दाबला, तेव्हा पायडल एकदम हलके झाले. आपल्या काळ्या सायकलला पुढे चव्वेचाळीस दात आणि मागे अठरा असले, तर पायडलच्या एका फेऱ्यात ती सतरा-अठरा फूट जाते. सपाटीला ठीक, चढाला छाती भरते. या सायकलला पुढे बावीस आणि मागे चौतीस दातांची जोडी लावता येते. मग एका फेऱ्यात ती साडेचार फूटच सरकते. पाय भराभर फिरवावे लागतात, पण जोर लागत नाही. अवजड धोंडा एकदम उचलण्याऐवजी पहारीने थोडा थोडा सरकवावा, तसा हा हिशेब. टायर दोन इंचांहून रुंद, खडबडीत फुगवट्यांचे. पुढच्या चिमट्यात दाबाच्या नळ्या असल्याने दगडाचा दणका मनगटात येत नाही. मागे पाहिले तर पुतण्या माझी काळी सायकल हातात धरून चालत येत होता. बरे वाटले!

हा खेळ निघाला तो अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मरिन नावाच्या जिल्ह्यात. तिथली पोरे भंगारात गेलेल्या जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन जंगलातल्या वणवा-रस्त्यांवरून खाली सुटत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली. उतारावर मागच्या चाकाचा ब्रेक एवढा तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. शर्यतीचे नावही त्यावरूनच पडले. वीस वर्षांत, १९९६ साली, हा खेळ अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये गेला. पण मधल्या काळात तिथेही भांडणे झालीच. चालणारे आणि घोडेस्वार तक्रारी करू लागले, पुष्कळ वाटांवर सायकलला बंदी आली. मग स्वार स्वतःच कुदळ-फावडी घेऊन वाटा दुरुस्त करायला लागले. वेल्समध्ये कोएड-य-ब्रेनिन नावाच्या सरकारी जंगलात १९९० नंतर केवळ सायकलींसाठी वाटा बांधल्या गेल्या, आणि त्या पाहून ब्रिटनभर इतर जंगलांतही झाल्या.

आपल्याकडे सायकलचे वेड नाशिकला आधीपासून आहे. नाशिकहून पंढरपूरला सायकलवर वारी जाते, आणि इथल्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत नऊ दिवसांच्या आत ओलांडली. ती डांबरी रस्त्याची गोष्ट. डोंगरावर जाणारी पोरे गाडीवाटा आणि पाऊलवाटा धुंडाळतात. म्हणजे आपल्याच वाटा.

पायथ्याच्या वर एका वळणावर पुतण्या थांबला. तिथे दोन वाटा होत्या. एक उभी चढणारी, मधोमध उकरलेली, मुळ्या उघड्या पडलेल्या. दुसरी डोंगराच्या पोटावरून आडवी, हळू चढत गेलेली, गवताच्या काठांची. दोन्हींवर माणसे तेवढीच जातात.

"तात्या, शंभर फुटांत दहा फुटांहून जास्त चढ वाटेला देऊ नये. आणि डोंगराचा उतार जेवढा असेल, त्याच्या निम्म्याहून वाटेचा कमीच असावा. नाहीतर पाणी वाट ओलांडत नाही, वाटेनेच चालू लागते."

मी म्हटले, "हे तू मला सांगतोस? आपले सलग समतल चर दुसरे काय आहेत?"

तो हसला. "म्हणून तर तुम्हाला आणले."

त्याने पुढे दाखवले ते मला नवे होते. वाटेची दरीकडची कड किंचित उतरती ठेवायची, म्हणजे पाणी पातळ होऊन पसरत खाली जाते. आणि शे-पन्नास पावलांवर वाट थोडी खाली उतरवून पुन्हा वर घ्यायची. त्या खोलगटात पाणी थांबते आणि बाहेर पडते. त्याला वेग धरायला अंतरच मिळत नाही. शेताच्या बांधाला आपण सांडवा ठेवतो, तीच अक्कल. मला एवढेच वाईट वाटले की टेकडीवरच्या वाटेला ही अक्कल लावण्याचे माझ्या बापजाद्यांपासून कुणालाच सुचले नव्हते.

वर पठारावर सायकल न्यायची का, असे मी विचारले. तो नाही म्हणाला, आणि ते मला आवडले. अंजनेरीचा डोंगर २०१७ साली संवर्धन राखीव क्षेत्र झाला आहे. वर गिधाडे आहेत, आणि कंदिलासारखे फूल येणारी एक लहानशी वनस्पती आहे, जिचे शास्त्रीय नावच अंजनेरीवरून ठेवले गेले. २००६ साली तिची नोंद झाली. पावसाळ्यात ती गवतात उगवते. चाक गेले तर कळणारही नाही. मागे वरपर्यंत मोटाररस्ता नेण्याचा बेत निघाला, तेव्हा निसर्गप्रेमींनी विरोध केला तो याचसाठी. वनखात्याच्या हद्दीत चाक घालण्याआधी विचारावे हे तर झालेच. संध्याकाळ पडण्याच्या आत परतावे हेही झाले. आमच्या भागात बिबट्याची गोष्ट कुणाला नव्याने सांगायला नको.

परतल्यावर होळीपर्यंतचे सहा रविवार आम्ही घरामागच्या टेकडीवर घातले. पुतण्याचे चारही मित्र आले. एकाच्या हाताला पहिल्याच दिवशी फोड आले, पण दुसऱ्या रविवारी तो फडके बांधून हजर. उभ्या घळीत धोंडे रचून आडवे ताल घातले आणि तोंडाशी काटेरी फांद्या टाकल्या, म्हणजे गुरे आणि सायकली तिकडे वळणार नाहीत. नवी वाट पाण्याच्या नळीने पातळी धरून आखली. ती जुनीहून जवळजवळ तिप्पट लांब झाली. मोळीवाल्या बायांनी सुरुवातीला कुरकुर केली. डोक्यावर ओझे असताना तिप्पट चालायचे कुणी? त्यांचेही खरेच होते. शेवटी मध्ये एका ठिकाणी त्यांच्यासाठी दगडी पायऱ्या बांधून जवळची वाट ठेवली. दगडाची पायरी पाण्याने उकरत नाही.

पोरांशी एक करार झाला. मृगापासून दिवाळीपर्यंत टेकडीवर चाक घालायचे नाही. ओल्या मातीत एक चर पडला की पुढच्या सरीला तो रस्ता होतो. नाहीतरी त्या दिवसांत आमची माती टायरला अशी चिकटते की सायकल खांद्यावर घेऊन यावे लागते.

इगतपुरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि आमच्या बाजूलाही तो काही दया करत नाही. आषाढात पहिली मोठी झड लागली, त्या रात्री मला झोप नव्हती. पहाटे इरले घेऊन टेकडीवर गेलो. पुतण्या रात्रपाळी करून थेट आला होता आणि तिसऱ्या खोलगटापाशी उकिडवा बसला होता. पहिल्या दोन ठिकाणी पाणी गवतात पसरत जात होते, नितळ. तिसऱ्या ठिकाणी एक धोंडा हलला होता आणि तिथून गढूळ धार सुटली होती.

"तात्या, पहार आणा," तो म्हणाला.

आई दारात उभी होती. पहार घेऊन मी निघालो, तेव्हा तिने विचारले, "बांध?"

"आहे," मी म्हटले.