घाट चढून गेलेला करंडक

१/ पळसदरीच्या फलाटावर लोकलची वाट पाहणारा तरुण मोबाइलवर इंग्लंडमधील आपल्या आवडत्या क्लबचा मोसम न्याहाळत असतो. पुढचा सामना कोणाशी, कोणता नवा खेळाडू किती कोटींना आला, हे त्याला तोंडपाठ असते. मात्र त्याच्या समोरून जाणाऱ्या वाटेलाही फुटबॉलचा इतिहास आहे. हा थ्रेड त्याविषयी.

२/ कर्जत सोडल्यावर पळसदरीपाशी लोहमार्गाला दोन वाटा फुटतात. एक खोपोलीला जाते, दुसरी बोरघाट चढून पुण्याकडे. हा घाटमार्ग १८६३ साली खुला झाला. चढण अशी, की ३७ फूट पुढे जाताना एक फूट वर चढावे लागते. पळसदरीचा तलावही वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवण्यासाठी रेल्वेनेच बांधलेला. पुण्याहून, हैदराबादहून वा बंगळूरहून रेल्वेने मुंबई गाठायची, तर हाच घाट उतरावा लागे.

३/ १८९१ साली मुंबईत रोव्हर्स करंडक स्पर्धा सुरू झाली. पहिला मान वुस्टर रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनला मिळाला. ही स्पर्धा मुळात साहेबांची. पुढे अनेक दशके करंडकावर गोऱ्या पलटणींचेच वर्चस्व राहिले. १९२३ मध्ये कलकत्त्याचा मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. पण डरहॅम लाइट इन्फंट्रीने त्याला ४-१ असे हरवले.

४/ ही मक्तेदारी मोडली ती दख्खनने. १९३७ साली बंगळूर मुस्लिम्स हा रोव्हर्स जिंकणारा पहिला भारतीय संघ ठरला. पुढच्याच वर्षी त्याने तो पराक्रम पुन्हा केला. स्वातंत्र्याला अजून दहा वर्षे होती.

५/ मग आला हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स करंडक त्यांच्याकडेच राहिला. तेव्हाच्या हैदराबाद राज्यात मराठवाड्याचे पाच मराठी जिल्हेही होते, हे आज सहसा लक्षात येत नाही. दोनच वर्षांपूर्वी, १९४८ मध्ये, हे संस्थान भारतात विलीन झाले होते.

६/ नूर महंमद, अझीझुद्दीन यांच्यासारख्या खेळाडूंचा ‘करार’ म्हणजे काय होता? पोलीस खात्यातली नोकरी. अंगावर गणवेश, महिन्याचा पगार आणि मैदानावर घाम. इंग्लंडमध्येही तेव्हा व्यावसायिक खेळाडूच्या वेतनाला कमाल मर्यादा होती. १९६१ मध्ये ती उठली, तेव्हा ती आठवड्याला अवघी २० पौंड होती. कोट्यवधींच्या बोलीचा काळ फार पुढचा.

७/ या संघाचे गुरू सय्यद अब्दुल रहीम पेशाने शिक्षक होते. कमकुवत पायाने खेळण्याचा सराव, चेंडू पायाशी न घोळवता लगेच सहकाऱ्याकडे देण्याची सवय, ही त्यांची शिकवण. पैशाने खेळाडू आणता येत नव्हते, म्हणून त्यांनी खेळाडू घडवले.

८/ १९५१ च्या आशियाई स्पर्धेत रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने सुवर्णपदक पटकावले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. तेथे ऑस्ट्रेलियावर ४-२ असा विजय मिळाला, त्यातील तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसूझा यांचे. १९६२ साली जकार्ताला पुन्हा सुवर्ण मिळाले. पुढच्याच वर्षी रहीम गेले.

९/ २०००-०१ च्या मोसमानंतर रोव्हर्स करंडक बंद पडला. क्लबला घर हवे, तसे आठवणीलाही हवे. इंग्लंडमधील क्लबांनी आपल्या प्रत्येक मोसमाची नोंद जपली, म्हणून पळसदरीतल्या मुलालाही ती ठाऊक असते. रहीम यांच्या मुलांचे पाच मोसम मात्र त्याच्या कानावर कोणी घातले नाहीत. यात दोष त्या मुलाचा नव्हे.

१०/ पुढच्या वेळी पुण्याकडे निघालेली गाडी पळसदरीवरून घाटाला लागताना दिसली, तर एवढे आठवावे: साहेबाने पलटणींसाठी मांडलेल्या स्पर्धेचा करंडक पोलिसांच्या नोकरीतल्या पोरांनी एका शाळामास्तराच्या भरवशावर सलग पाच वर्षे जिंकला आणि दख्खनला नेला.