रात्रीचे बिऱ्हाडकरू

पाळलेल्या प्राण्याने आपले घड्याळ मानावे, अशी माणसाची भाबडी समजूत असते. कुत्र्याने सकाळी फिरायला यावे, मांजराने दुपारी मांडीवर लोळावे. आमच्या पंचवटीतल्या घरी गेल्या वर्षी भाच्याने जो प्राणी आणला, त्याने ही समजूत पार मोडीत काढली.

शुगर ग्लायडर त्याचे नाव. मूठभर राखाडी अंग, पाठीवरून गेलेला काळा पट्टा आणि करवंदासारखे डोळे. शेजारच्या काकू पाहून म्हणाल्या, "अगबाई, खार!" पण हा खारीच्या गोत्रातला नव्हे. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीचा हा रहिवासी कांगारूचा दूरचा भाऊबंद. मादीच्या पोटाला पिशवी असते आणि तांदळाच्या दाण्याएवढे पिल्लू तीत सुमारे ७० दिवस वाढते. आपल्या सह्याद्रीतली उडणारी खारही अंगाची कातडी पसरून झाडावरून झाडावर तरंगते. पण ते साम्य नात्याचे नव्हे, धंद्याचे! दोघांनाही झाडाझाडांवरूनच फिरायचे, म्हणून दोघांनी एकाच कापाची शाल पांघरली.

दुकानदाराने सांगितले होते, "फळं द्या, एकटा मजेत राहतो." दोन्ही गोष्टी खोट्या. रानात हा झाडांचा चीक, फुलांतला मध आणि किडे खातो. नुसत्या फळांवर ठेवला तर कॅल्शियम कमी पडून मागचे पाय लुळे पडतात. आणि तिकडे झाडाच्या ढोलीत ही मंडळी कुटुंबकबिल्याने, एकमेकांना बिलगून झोपतात.

हा दिवसभर पिंजऱ्यातल्या कापडी पिशवीत झोपे आणि घर निजले की जागा होई. मग त्याला पाहायला एकटी आई असायची. वडील गेल्यापासून तिची झोप उडाली आहे. एके सकाळी ती म्हणाली, "अरे, हा शेपटीचे केस उपटतोय." प्राण्यांच्या डॉक्टरांनी कारण सांगितले: एकटेपणा.

"पांडवलेण्याच्या पायथ्याला झाडीत सोडून द्या," असे एका गृहस्थाने सुचवले. पण ते रान त्याचे नव्हे. तिथे तो जगणार कसा? डॉक्टरांनी हेही सांगितले, की नीट सांभाळला तर हा दहा-बारा वर्षे जगतो. आई हसली. "म्हणजे माझ्यामागे तुम्हालाच पाहायचंय त्याच्याकडे."

भाचा म्हणाला, "पण आजी, त्याला खायला-प्यायला काही कमी नाही."

"खायला मिळतं रे," आई म्हणाली, "पण रात्र काढायला सोबत लागते."

खोलीत कोणी काही बोलले नाही.

दुसरा ग्लायडर आला. आधी आठ-दहा दिवस पिंजरे शेजारी ठेवून ओळख करून दिली. मग दोघे एका पिशवीत निजू लागले. शेपटीवर पुन्हा लव आली. आता दिवाळीत फटाक्यांचा त्रास नको म्हणून पिंजरा माजघरात हलवला आहे.

त्याच महिन्यात आमच्या धाकटीने आपले अंथरूण आजीच्या खोलीत नेले. रात्री उशिरापर्यंत तिथून दोघींची कुजबुज ऐकू येते. सकाळी शाळेला उशीर होतो. मास्तर असूनही मी रागावत नाही.