रुळांवरच्या कोलांट्या : ओफुना ते गोरा

ओफुना स्टेशनात शोनान मोनोरेल फलाटाला लागते तेव्हा तिच्या खाली काहीच नसतं. डबा वरच्या पोलादी तुळईला टांगलेला. रबरी टायरांची चाकं त्या पोकळ तुळईच्या आत धावतात, आपण हवेत. 1970 साली सुरू झालेला हा मार्ग जेमतेम साडेसहा किलोमीटरचा. पहिली दोन स्टेशनं होईपर्यंत मला ही रेल्वे थोडी पोरकट वाटली. मग तिने वेग घेतला, ताशी सत्तरच्या पुढे, एका वळणावर अख्खा डबा बाहेरच्या बाजूला झुलला, खालून एक टेम्पो आणि कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरी निघून गेल्या, आणि समोर डोंगराला पाडलेलं भोक आलं. टांगलेली गाडी बोगद्यात शिरते हे दृश्य मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"मामा, ही लेव्हल मधेच कुठेतरी यायला पाहिजे," भाचा म्हणाला. "सुरुवातीला दिली तर लोक गेम सोडून देतील."

भाचा टोक्योत निशी-कासाईला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि त्या दिवसांत त्याच्या डोक्यात एकच विषय होता. बार्सिलोनाच्या अंडरकोडर्स या स्टुडिओचा 'डेन्शाटॅक' हा गेम तेव्हा येऊ घातला होता. त्यात आपण ट्रेन चालवायची, आणि ती ट्रेन स्केटबोर्डच्या करामती करते: उडी मारते, हवेत गिरकी घेते, कठड्यांवरून ठिणग्या उडवत घासत जाते. भविष्यातला बिघडलेला जपान, समोर प्रतिस्पर्ध्यांच्या टोळ्या. मी त्यातलं काही खेळणार नाही हे त्यालाही ठाऊक. पण मी कर्जतला वाढलो, रात्री घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिनं जोडल्याचे धक्के ऐकत झोपलो. रुळांचा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही. तेव्हा गेमच्या मोहिमेत असायलाच हवेत असे तीन मार्ग एका दिवसात करायचे, असं ठरवून आम्ही निघालो होतो. जून होता, आभाळ भरलेलं, फुजीने तोंड दाखवलं नाही.

मोनोरेलचं शेवटचं स्टेशन शोनान-एनोशिमा. तिथून चालत पाच मिनिटांत एनोदेनचं एनोशिमा स्टेशन. ही हिरवी-पिवळी गाडी 1902 पासून धावते आहे, फुजिसावा ते कामाकुरा, दहा किलोमीटर. आम्ही कामाकुराच्या बाजूला निघालो. स्टेशन सुटताच 28 मीटर त्रिज्येचं वळण येतं. आकड्यावरून कल्पना येत नसेल तर एवढंच सांगतो, की खिडकीतून आपल्याच गाडीचा पुढचा डबा आडवा जाताना दिसतो. वळण संपतं आणि गाडी सरळ बाजाररस्त्यावर उतरते. दोन्ही बाजूंना दुकानं, मोटारी कडेला सरकून थांबलेल्या, एक आजी छत्री मिटून वाट बघत उभी. पुढे कोशिगोए स्टेशनचा फलाट इतका आखूड की चार डब्यांच्या गाडीत एका डब्याचे दरवाजे उघडतच नाहीत. पुढे समुद्र येतो, आणि 'स्लॅम डंक' या ॲनिमे मालिकेमुळे जगप्रसिद्ध झालेलं कामाकुराकोको-माए स्टेशनाजवळचं फाटक. तिथे गाडीपेक्षा गाडीचे फोटो काढणाऱ्यांची गर्दी जास्त होती.

मी मात्र मोटरमनकडे बघत होतो. पांढरे हातमोजे. सिग्नल दिसला की तर्जनी रोखायची आणि मोठ्याने उच्चारायचं. वेळापत्रकावर बोट, वेगमर्यादेच्या पाटीवर बोट. एकटाच माणूस केबिनमध्ये, पण समोर वरिष्ठ उभा असल्यासारखा बोलतो. जपानच्या रेल्वे तंत्रसंशोधन संस्थेने 1994 साली प्रयोग करून पाहिला, तेव्हा बोट दाखवून बोलल्याने चुका साधारण 85 टक्क्यांनी घटल्या होत्या.

या शिस्तीवरही जपानने गेम काढला होताच. ताइतो कंपनीचा 'देन्शा दे गो!', 1996 चा. त्यात कौशल्य एकच: गाडी ठरल्या सेकंदाला, ठरल्या खुणेवर उभी करायची. थोडी पुढे गेली की गुण कापले. माझ्या मते नव्या गेमची गंमत या जुन्या गेमच्या पाठीवर उभी आहे. जिथे गाड्या मनाला येईल तशा येतात, तिथे उड्या मारणाऱ्या गाडीचं कुणाला काय वाटणार? इथे मिनिटभर उशिरासाठी माफी मागतात, म्हणून तिची कोलांटी हसवते.

"पण मग कोलांटीनंतर ती पुन्हा रुळावरच पडली पाहिजे," मी म्हणालो. चाकाची आतली कड जेमतेम तीन सेंटीमीटर खाली उतरलेली असते, तेवढ्यावर सगळी गाडी वळते. ती कड पुन्हा बरोबर जागेवर बसवणं हीच खरी करामत. गाडी कुठेही उतरू द्यायची असेल तर सरळ मोटारीचा गेम करा. भाच्याला हे पटलं नाही. रुळावरच राहायचं तर गेम कशाला, असं त्याचं म्हणणं. कामाकुराला गाडी बदलून ओदावारा येईपर्यंत वाद चालला. स्टंट म्हटलं की मला लोकलच्या दारात लटकून रील काढणारी आपल्याकडची पोरं आठवतात आणि पोटात गोळा येतो; इथे निदान माणूस आत बसतो आणि करामत गाडी करते, इतपत मी नमतं घेतलं.

ओदावाराहून पुढे हाकोनेचा मार्ग. इरिउदापासून हाकोने-युमोतोपर्यंत खाली बघा: दोन नाही, तीन रूळ आहेत. दोन वेगवेगळ्या गेजच्या गाड्यांसाठी एक रूळ सामाईक ठेवला आहे. युमोतोला गाडी बदलली आणि खरा घाट लागला. 1919 साली बांधलेल्या या नऊ किलोमीटरांत चढ 80 प्रति हजार आहे, म्हणजे साडेबारा मीटरला एक मीटर. आपल्या बोरघाटात 37 ला एक, आणि तेवढ्यासाठी बँकर लागतात. माथेरानची गाडीसुद्धा 20 ला एकवर थांबते. इथे तीन डब्यांच्या गाडीची पुढची आणि मागची टोकं साडेतीन मीटरांनी वरखाली असतात, आणि दातेरी रूळही नाही. साध्या रुळावर साधी चाकं.

हायड्रेंजियाची फुलं इतकी जवळ होती की ओली पानं खिडकीला घासत होती. हायाकावा नदीवरचा पूल पाण्यापासून 43 मीटर उंच. त्याचा सांगाडा 1888 साली तेनऱ्यू नदीवर उभा होता, तो सोडवून इथे आणून बसवला. पुढे देयामाला गाडी थांबली. मोटरमन आपली बॅग उचलून खाली उतरला, मागून गार्ड आला, दोघे फलाटावर एकमेकांना ओलांडून गेले आणि गाडी उलट्या दिशेने डोंगर चढू लागली. असं वाटेत तीनदा. खंडाळ्यालाही असं उलटं वळायचं स्टेशन होतं, ते 1929 मध्ये बंद झालं. मी ते फक्त वडिलांच्या तोंडून ऐकलंय, आणि त्यांनी त्यांच्या वडिलांच्या. इथे ते अजून रोज घडतं. गेम बनवणाऱ्यांनी दुसरं काही घेतलं नाही तरी हे घ्यावं: ऐन शर्यतीत थांबा, टोक बदला, आणि मघाच्या शेपटीला डोकं करून पुढे निघा. वेगाच्या गेममध्ये थांबणं हा मला सर्वांत अवघड डाव वाटतो.

वळणांवर चाकं किंचाळू नयेत, रूळ झिजू नये, म्हणून बाकीच्या रेल्वेत वंगण लावतात. या चढावर वंगण लावलं तर गाडी घसरेल. म्हणून डब्याखाली पाण्याच्या टाक्या आहेत आणि गाडी रुळावर पाणी शिंपडत वळते. ब्रेकही चार प्रकारचे. त्यांतला एक कार्बोरंडमचा दगड थेट रुळावर दाबतो.

गोरा आलं. पुढे केबलकारचा फलाट जिन्यासारखा पायऱ्यापायऱ्यांचा, तिथे रांगेत उभं राहून भाच्याने मोबाइलवर गेमचा ट्रेलर पुन्हा लावला. मी चष्मा वर करून नीट पाहिला.

"यात ती वळणाआधी पाणी शिंपडते का रे?"

"मामा, ती हवेत आहे. पाणी कुठे शिंपडणार?"

"उतरल्यावर."